कोणाच्या हातून

प्रिय दादा,

कम्प्युटर नीट चालू लागलाय. आज अकरावा दिवस, एकदाही हँग झालेला नाही. ही बातमी मुद्दाम सगळ्यात आधी सांगतेय, कारण ती ऐकली की तू मनात म्हणणार, मग झालं की आता, कशाला एवढी चिडतेस. म्हण खुशाल. तू तसं म्हणशील हे धरूनच मी लिहायला बसलेय. फोन करणार नव्हतेच. फोनवर तू "बरं" म्हणतोस, आणि तुझ्या त्या "बरं"पुढे काही चालत नाही. ना भांडता येतं, ना रडता येतं. पत्रात तुला मध्येच "बरं" म्हणता येणार नाही. आणि हाताने लिहितेय, कारण टाइप केलं असतं तर प्रत्येक वाक्य दहादा पुसून मी ते गुळमुळीत करून टाकलं असतं. तुला माहीत आहे माझा स्वभाव. शाईने लिहिलं की लिहिलं.

सगळं क्रमाने लिहिते. मला क्रमानेच लिहायला शिकवलंय. मी आठ वर्षांची होईपर्यंत शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. दम्यामुळे मी घरात, आणि तू दप्तर पाठीला लावून जिना उतरायचास तेव्हा मी खिडकीतून तुझ्या डोक्यावरचा भोवरा बघत बसायचे. माझी शाळा म्हणजे बाबांचं टेबल. टेलिफोन एक्स्चेंजमधली पाळी संपवून बाबा यायचे, चहा घ्यायचे आणि लोकांचे रेडिओ दुरुस्त करायला बसायचे. शेजारच्या स्टुलावर मी. पाटी नव्हती, त्यांची तक्रारवही होती. इतर मुलं पहिला शब्द कुठला लिहितात कोण जाणे, माझा पहिला शब्द 'तक्रार' होता. तू अजून त्यावरून चिडवतोस, म्हणतोस की म्हणूनच ही जन्मभर तेवढंच करतेय. वहीला पाच रकाने: तारीख, तक्रार, काय तपासलं, दोष कशात, कोणाच्या हातून. शेवटचा रकाना शिक्षेसाठी नाही, पुढच्या वेळी आधी कुठे बघायचं ते कळावं म्हणून आहे, असं बाबा म्हणायचे, आणि त्या रकान्यात त्यांनी स्वतःला कितीतरी वेळा लिहिलंय. नियम दोनच. एक, एका यंत्रात दोघांचे हात घालायचे नाहीत. ज्याने उघडलं त्यानेच मिटवायचं, नाहीतर चूक कोणाची ते कधीच सापडत नाही. दोन, वहीत खोडायचं नाही. चुकलं तर त्यावर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं काय ते लिहायचं आणि सही करायची. तू हे सगळं हसण्यावारी नेलंस. मी पाढ्यांसारखं पाठ केलं. म्हणून तर तू मला तपासनीस म्हणायला लागलास. आणि एक तिसरा नियम कोणी सांगितला नव्हता, पण माझ्या डोक्यात तो सगळ्यात घट्ट बसला होता: वहीत नाही ते झालंच नाही.

आता तो रविवार आठव. जुन्या पॉवर सप्लायमधून जळका वास यायला लागला होता आणि तू येताना नवीन घेऊन आलास. मी तेव्हा मूकबधिर मुलांच्या कॉलेजसाठी रसायनशास्त्राच्या सरांच्या चोवीस व्याख्यानांना सबटायटल जोडत होते. सर बोलतील तो प्रत्येक शब्द पडद्यावर खाली आला पाहिजे, परीक्षेच्या आत. अकरा व्याख्यानं झाली होती. तू दुपारभर जमिनीवर बसून कॅबिनेट उघडलंस, जुना डबा काढलास, नवा बसवलास, वायरींचा जुडगा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी वरच्या सळईला बांधलास. बाबा मागे उभे होते. त्यांनी विचारलं, मेणाचा दोरा देऊ का. तू म्हणालास, "बाबा, आता कोणी दोऱ्याने बांधत नाही." ते हसले. मीही हसले. एक्स्चेंजमधल्या हजारो वायरी ज्या माणसाने मेणाच्या दोऱ्याने बांधल्या, ज्याच्या गाठी नव्या पोरांना दाखवायला साहेब लोक घेऊन यायचे, तो माणूस प्लास्टिकच्या पट्टीकडे बघून हसला. त्या हसण्यात काय होतं ते आपल्या दोघांपैकी एकालाही दिसलं नाही.

बुधवारी पहिल्यांदा हँग झाला. सरांचं तोंड उघडं राहिलं आणि 'द्रव' शब्दातला अर्धाच आवाज स्पीकरमधून घुमत राहिला, द्र-द्र-द्र-द्र, जणू सरांचीच वायर तुटली. माउस हलेना, बटणं ऐकेनात. बंद करून चालू केला. तासाभराने पुन्हा तेच. मी नियमाप्रमाणे कॅबिनेटला हात लावला नाही. ते तू उघडलं होतंस. बाहेरून जे करता येतं ते सगळं केलं, एका वेळी एकच गोष्ट बदलून, आणि लिहून. वेगळ्या खोलीतला प्लग. वेगळी केबल. स्पीकर काढून. रॅम तपासायचा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून दिवसभर चालवला, आणि तो चालू असतानाच मशीन गोठलं. घरात सगळ्यांना विचारलं. म्हणजे बाबांना. आपल्या घरात सगळे म्हणजे तेवढेच उरलेत. बाबा, तुम्ही कम्प्युटरला हात लावला होता का? ते म्हणाले, मी कशाला लावू, ते दादाचं काम. मी वही उघडून पाहिली. नोंद नव्हती. वहीत नाही म्हणजे झालं नाही. राहिला कोण? तू.

पुढच्या रविवारी तू आलास, कॅबिनेट घेऊन तुझ्या जुन्या खोलीत गेलास, दार लोटून घेतलंस, वीस मिनिटांत बाहेर आलास आणि म्हणालास, एक वायर सैल राहिली होती, माझंच चुकलं. मी वहीत लिहिलं. दोष कशात: सैल वायर. कोणाच्या हातून: दादा. तू माझ्या मागे उभा राहून ते वाचलंस. बाबांनी खाली बरोबरची खूण केली. मशीन तीन दिवस चाललं आणि गुरुवारी हँग झालं. शुक्रवारी मी ते रिक्षात घालून कोपऱ्यावरच्या कम्प्युटरवाल्याकडे नेलं. त्याने झाकण काढून टेबलावर आडवं ठेवलं आणि दोन दिवस माझ्या सरांना अखंड बोलायला लावलं. सर एकदाही अडखळले नाहीत. कम्प्युटरवाला म्हणाला, ताई, याला तुमच्या घरची हवा मानवत नाही बहुतेक. मग म्हणाला, पण आतलं बांधकाम फार सुरेख आहे हो, हल्ली एवढं कष्टाने कोण करतं? मी फणकाऱ्याने म्हटलं, माझ्या भावाने केलंय, सुरेख करण्यापेक्षा नीट केलं असतं तर बरं झालं असतं. दादा, मी तिथे उभी होते. उघडं कॅबिनेट माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. पण ते तुझं यंत्र होतं, म्हणून मी वाकून आत पाहिलं नाही. नियमाने मला एवढं शहाणं केलं होतं.

घरी आणलं, झाकण लागलेलं होतं, दुसऱ्या दिवशी हँग. रविवारी तू. दार लोटलेलं, वीस मिनिटं, माझंच चुकलं. वहीत दुसरी ओळ. शुक्रवारी पुन्हा हँग, आणि त्याच दिवशी कॉलेजच्या बाईंचा फोन आला की उरलेली सहा व्याख्यानं त्यांनी दुसऱ्या कोणाकडे दिली आहेत. त्यांचा आवाज फार गोड होता. मुलांची परीक्षा थांबत नाही ना, म्हणाल्या. मला त्यांचा राग आलाच नाही, त्यांचं बरोबर होतं. तो सगळा राग मी रविवारपर्यंत नीट झाकून ठेवला आणि तू तिसऱ्यांदा त्या खोलीतून बाहेर येऊन "माझंच चुकलं" म्हणालास तेव्हा तुझ्या अंगावर ओतला. काय काय बोलले ते मला शब्द न शब्द आठवतं. तुला आयुष्यात एक काम धड पुरं करता आलं नाही म्हटलं. कॉलेज अर्धं, लग्न ठरून मोडलेलं, आणि आता बहिणीचं पोट. बाबांसमोर म्हटलं, खालच्या मजल्यावरची आत्या जिन्यात उभी होती तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "या घरातल्या एकाही वस्तूला यापुढे हात लावू नकोस." तू स्क्रूड्रायव्हर त्याच्या खोबणीत ठेवलास. "बरं," म्हणालास. चहा तसाच टाकून निघून गेलास. बाबांनी खूण केली वहीत, तिसऱ्या ओळीखाली. मग मला म्हणाले, मोठ्या भावाशी असं बोलू नये. आणि लगेच, पण त्याचं लक्ष नसतं हल्ली, हेही खरं.

त्याला पाच आठवडे झाले. पहिले तीन आठवडे मी तशीच रागात होते आणि मला तो राग फार सोयीचा होता. मशीन हँग व्हायचं, मी तुझ्या नावाने खडे फोडायचे, बंद करून चालू करायचे. शेवटी ठरवलं, तो पॉवर सप्लायच दुकानात परत करायचा, वॉरंटी आहे. त्यासाठी तुझ्या जुन्या खोलीतल्या माळ्यावरून त्याचं खोकं काढलं. आत फोमच्या खाली माहितीपत्रकाचं पाकीट होतं, आणि पाकिटात कागदाच्या तीन पुड्या. पानवाल्याने बांधल्यासारख्या, नीट दुमडलेल्या. मला वाटलं स्क्रू असतील. उघडल्या तर पिवळ्या दोऱ्याचे तुकडे. मेणाचा दोरा. कापलेला. काही तुकड्यांवर गाठी तशाच होत्या, आणि त्या गाठी सुटलेल्या नव्हत्या, घसरलेल्या होत्या.

माळ्याच्या शिडीवरच बसून मी ते तुकडे उलटसुलट करून पाहिले. आधी वाटलं, तूच बाबांचा दोरा वापरून पाहिलास, जमला नाही म्हणून कापलास. तुझ्यावर आळ घ्यायची मला एवढी सवय झाली होती. मग मी खाली आले आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याने उघडलेलं यंत्र उघडलं. आत तुझी प्लास्टिकची पट्टी एकही नव्हती. नवा कोरा पिवळा दोरा होता, ओळीने बांधलेल्या गाठी, आणि वरची, सळईला धरणारी मुख्य गाठ सरकलेली. सगळा जुडगा बाहेरच्या बाजूला फुगून आला होता. चालू केला, तर प्रोसेसर गार ठेवणारा पंखा मजेत फिरत होता. झाकण नव्हतं ना. मग मी झाकण जिथे येतं तिथे माझी जुनी लाकडी पट्टी धरली, जिच्यावर बाबांनी मला इंच शिकवले ती, आणि हळूच आत दाबली. जुडगा मागे सरकला, त्यातली एक वायर पंख्याला लागली, टिक टिक टिक टिक, आणि पंखा थांबला. मशीन तापलं, आणि दहा मिनिटांत सरांचं तोंड उघडं. द्र-द्र-द्र. झाकण काढलं की दोष नाही, झाकण लावलं की आहे. कम्प्युटरवाल्याकडे का चाललं, घरी का नाही, एवढंच ते होतं. तुला हे पहिल्याच रविवारी वीस मिनिटांत कळलं होतं. तू कापलास दोरा, बांधल्यास पट्ट्या, आणि तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले नाहीस, कारण बाबा त्या डब्यातून स्क्रू वेचतात. आणि मीही वेचते.

पण तुला जाऊन तीन आठवडे झाले होते आणि आतला दोरा ताजा होता. बाबा फिरून आले तेव्हा मी विचारलं. पुन्हा तेच उत्तर, त्याच साध्या चेहऱ्याने: मी कशाला हात लावू, ते दादाचं काम. दादा, बाबा खोटं बोलताना मी पाहिलेलं नाही. त्यांना येतच नाही. आत्याची साडी वाईट दिसतेय हेही ते तिला तोंडावर सांगतात. म्हणून मी त्या क्षणी तुझ्यासारखंच केलं, प्लास्टिकच्या पट्ट्या बांधल्या, आणि गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भाजी आणायला निघाले, पिशवी विसरले म्हणून परत आले, आणि ते जमिनीवर बसले होते. कॅबिनेट उघडं. तुझ्या, म्हणजे माझ्या पट्ट्या कापून बाजूला टिनच्या डबीत ठेवलेल्या. तोंडात दोऱ्याचं टोक. मला बघून दचकले नाहीत, खूश झाले. "बरं झालं आलीस," म्हणाले, "टॉर्च धर."

मी टॉर्च धरला. लहानपणी धरायचे तसाच, कोपर गुडघ्याला टेकवून, उजेड हलू न देता. त्यांनी एकेक वायर बोटांनी विंचरली, सारख्या अंतरावर फास घातले, आणि सळईपाशी आले. ती गाठ त्यांनी आयुष्यात लाखभर वेळा मारली असेल. त्यांनी ओढली आणि ती सरकली. पुन्हा मारली, पुन्हा सरकली. शेवटचा वेढा ते घालतच नव्हते. बोटं थरथरत होती हे मी आधी पाहिलं होतं, आपण दोघांनीही पाहिलं होतं. पण हे थरथरणं नव्हतं. पुढे काय ते त्यांच्या बोटांना आठवत नव्हतं. त्यांनी त्या गाठीकडे असं पाहिलं, जणू ती दुसऱ्या कुणा नवशिक्याने मारलीय. "दोरा पूर्वीसारखा येत नाही हल्ली," म्हणाले. मग झाकण लावून, हात धुऊन, मला हळूच म्हणाले, "दादाला सांगू नकोस हं. पट्ट्यांनी बांधलं होतं त्याने, त्याला वाईट वाटेल." आणि चहा पिता पिता, अर्धा तासही झाला नसेल, मला विचारलं, दादाने केला का गं तुझा कम्प्युटर दुरुस्त? किती दिवस झाले, त्याला एकदा बोलावून घे. वहीला त्यांनी हात लावला नाही. लिहायचं आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आता तुझ्याकडे येते. तुला पहिल्या रविवारी कळलं. दुसऱ्या रविवारी खात्री झाली. तिसऱ्या रविवारी मी तुझी पिसं काढत होते तेव्हा तू तिसरी पुडी नुकतीच त्या माळ्यावर ठेवून आला होतास. आणि तू "बरं" म्हणालास. तुला वाटलं असेल, केवढं मोठं मन. बाबांची लाज राखली, बहिणीला सांभाळलं, सगळं आपल्या अंगावर घेतलं. मला सांभाळायला तुला कोणी सांगितलं होतं? तू माझं काय सांभाळलंस ते मोजून दाखव. सहा व्याख्यानं गेली. वहीत माझ्या अक्षरात तीन खोट्या ओळी आल्या, ज्या वहीत मी अक्षर गिरवलं त्या वहीत, आणि तू मागे उभा राहून मला त्या लिहू दिल्यास. जे बोलले ते परत घेता येत नाही. आणि त्या पाच आठवड्यांत बाबा टेबलावर बसतच होते. आत्याने इस्त्री आणून दिली होती, ती त्यांनी दुरुस्त करून परतही दिली. मी हे सगळं कळल्यावर धावत खाली गेले, ती इस्त्री काहीतरी कारण सांगून परत आणली आणि उघडली. अर्थिंगची वायर लोंबत होती, आणि प्रवाहाची वायर पत्र्याला टेकायला नखाएवढं अंतर होतं. आत्या म्हणाली, काय गं, बापाच्या कामावर तुझा विश्वास नाही वाटतं? मी म्हटलं, तपासनीस आहे ना मी. ती हसली. ती त्या इस्त्रीने दुसऱ्या दिवशी इस्त्री करणार होती, दादा. तू हा विचार केला होतास? की फक्त कम्प्युटरचा पंखा तेवढा तुला दिसला?

आणि हे दुसऱ्यांदा आहे. तू विसरला असशील, मी नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात सगळ्यांना पाच महिने माहीत होतं आणि मला नव्हतं, कारण माझी परीक्षा होती, कारण हिला दमा आहे, कारण ही फार मनाला लावून घेते. तू रिपोर्ट तुझ्या गादीखाली ठेवायचास. मला कळलं तेव्हा माझ्या वाट्याला अकरा दिवस आले. तुम्हाला पाच महिने, मला अकरा दिवस. तेव्हा तू म्हणाला होतास की पुन्हा असं करणार नाही. आणि तू पुन्हा पुडी बांधून माळ्यावर ठेवलीस. मी मनाला लावून घेते हे खरं आहे. मला छातीत धडधडतं, दाराला कडी घातली का ते मी तीनदा बघते, हे सगळं खरं आहे. पण टॉर्च मी हलू दिला नाही. ते तुला माहीत नाही, कारण तू मला कधी धरूच दिला नाहीस.

गेले अकरा दिवस मशीन कसं चाललंय तेही सांगते, आणि हे सांगताना मला स्वतःची शरम वाटतेय. बाबा फिरायला गेले तेव्हा मी कॅबिनेट उघडून त्यांचा दोरा तसाच ठेवला आणि त्याच्या आतून, दिसणार नाहीत अशा, दोन प्लास्टिकच्या पट्ट्या सळईला आवळल्या. आता वायरी पट्ट्या धरतात आणि वर दोरा दिसतो. बाबांनी परवा उघडून पाहिलं, समाधानाने मान हलवली, मिटवलं. म्हणजे जे तू केलंस तेच मी केलं, फक्त जास्त नीट. आणि म्हणून मला तुझा राग आलाय की माझा, हे आता मला नीट वेगळं करता येत नाही. पण तुझाही आलाय. तेवढं नक्की.

परवा सकाळी मी वही काढली. तिन्ही ओळींत 'दादा'वर एकेक सरळ रेघ मारली आणि शेजारी सही केली. खरं काय ते लिहायला पेन टेकवलं आणि मला ते लिहिता आलं नाही. बाबा रोज सकाळी ती वही उघडतात. मी तीन जागा कोऱ्या सोडल्या. त्या वहीत इतक्या वर्षांत एक जागा कोरी नाही. काल त्यांनी पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि मला म्हणाले, "इथे कोणाच्या हातून ते का लिहिलं नाहीस?" मी म्हटलं, दादा शनिवारी येतोय, तो आला की लिहू. त्यांनी तुझ्यासाठी टेबलाशेजारचं स्टूल पुसून ठेवलंय. सोमवारी अकराला डॉक्टरांची वेळ घेतलीय, मेंदूच्या डॉक्टरांची, आणि ते बाबांना अजून माहीत नाही. शनिवारी आपण दोघांनी त्यांना सांगायचंय, वही उघडी ठेवून, त्यांच्याच नियमाने. मी एकटी ते लिहिणार नाही, आणि तुला एकट्याला ते लपवू देणार नाही. यासाठी लिहिलं हे पत्र. त्या तिन्ही पुड्या मी फेकलेल्या नाहीत, टेबलाच्या खणात आहेत. आणि त्या रविवारी मी तुला जे जे बोलले, त्यावरही रेघ मारलीय. एकच, सरळ. खालचं वाचता येतं, त्याला माझा इलाज नाही. शेजारी काय लिहायचं ते तू आल्यावर.

दुपारच्या गाडीने ये, बाबा तेव्हा ताजेतवाने असतात.

अजून रागातच, पण तुझीच,
तपासनीस